कानाला क्लिप, नजर श्वासावर: नाशिकमधल्या एका थिसिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पदव्युत्तर फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होती आणि मी तिची को-गाइड. मी नाशिकमध्येच शरीरक्रियाशास्त्र शिकवते. कोणाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

तिची पोस्टिंग छातीच्या वॉर्डात होती. दमा आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांतली हवेची वाट अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंटना ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवणं हे तिचं रोजचं काम. शिकवताना जमतं, पण पेशंट घरी गेला की विसरतो, आणि खरी धाप लागते तेव्हा तर हमखास विसरतो. त्यामुळे तिच्या मनात एक प्रश्न घर करून बसला: शिकवावं न लागता, बाहेरून काही केलं तर श्वास आपोआप संथ होईल का? तेवढ्यात कानातून व्हेगस नर्व्हला उत्तेजन देण्याबद्दल तिच्या वाचनात आलं. विभागात टेन्सचं, म्हणजे त्वचेवरून सौम्य करंट देणारं, मशीन होतंच. कानाला लावायची क्लिप तिने स्वतःच्या पैशांनी मागवली.

मी एकच अट घातली. पेशंटवर आत्ता नको, आधी निरोगी माणसांवर पाहू. पेशंटचा श्वास औषधाने बदलतो, जिना चढल्यावर बदलतो, डॉक्टर समोर आले तरी बदलतो. त्या गर्दीत कानाचा वाटा किती हे कधीच कळलं नसतं. निरोगी माणसाचा श्वास तरी स्थिर असेल, असं तेव्हा आम्हाला दोघींनाही वाटत होतं.

कानच का

व्हेगस ही मेंदूतून निघणारी दहावी नस. ती मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाते. सगळा प्रवास शरीराच्या आतून. त्वचेपर्यंत ती एकाच ठिकाणी येते, ते म्हणजे कान. कानात मळ काढायला गेलं की काही जणांना ठसका लागतो, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना रोजचं आहे. त्यामागे हीच फांदी असते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश आर्नोल्ड यांच्या नावाने ती ओळखली जाते.

कानावर नेमकं कुठे उत्तेजन द्यायचं याचा मोठा आधार २००२ मधल्या एका विच्छेदन-अभ्यासात आहे. कानाच्या भोकाच्या वर जी छोटी खोलगट जागा असते (शास्त्रीय नाव सिंबा कॉन्की), तिथे त्या अभ्यासातल्या सगळ्या कानांत फक्त व्हेगसचीच फांदी सापडली होती. कानाच्या पाळीवर मात्र मानेच्या मणक्यांतून येणारी दुसरीच नस असते. म्हणून या क्षेत्रात पाळीवरचं उत्तेजन ‘खोटं’ उत्तेजन म्हणून वापरायची पद्धत पडली आहे. दोन्हीकडे झिणझिण्या सारख्याच, नस मात्र वेगळी.

कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठात न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस नावाच्या केंद्राकडे जातो. फुप्फुसं किती फुगली याची वर्दीही तिथेच पोचते, आणि श्वासाचा ठेका धरणारे पेशीसमूह तिथून जवळच आहेत. कागदावर रस्ता सरळ दिसतो. विद्यार्थिनीच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, त्या रस्त्याची सुबक आकृती होती, आणि त्या आकृतीने मलाही भुरळ घातली हे कबूल करायला हवं.

कारण त्या रस्त्यात एक मोठी उडी आहे. फुप्फुस फुगलं की श्वास घेणं थांबतं हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ मध्ये दाखवलं. तो संदेश व्हेगसमधूनच जातो, पण त्याचे तंतू फुप्फुसातल्या ताणग्राहकांतून निघतात. कानाच्या त्वचेतले तंतू स्पर्श सांगणारे. नस एक असली तरी तिच्यातल्या तारा वेगवेगळ्या. मानेत बसवल्या जाणाऱ्या उत्तेजक यंत्राचंही तसंच. अपस्मारासाठी त्या यंत्राला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ते चालू झालं की आवाज घोगरा होणं, खोकला येणं, झोपेत श्वास बिघडणं असे परिणाम दिसतात. पण तिथे नसेचं अख्खं खोड हाताळलं जातं, स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंतूंसकट. कानात ते तंतूच नाहीत. मानेच्या यंत्रावरून कानाच्या क्लिपबद्दल अंदाज बांधता येत नाही, हे मी तिला त्या वेळी ठासून सांगायला हवं होतं.

अडचण कशी समोर आली

पहिली चाचणी कॉलेजमधल्याच मुलामुलींवर केली. डाव्या कानात क्लिप, २५ हर्ट्‌झ, २५० मायक्रोसेकंदांचा पल्स, आणि करंट इतका की झिणझिण्या जाणवतील पण दुखणार नाही. डावा कान घेण्याचं कारण म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा मूळ गतिकारक मुख्यतः उजव्या व्हेगसच्या अखत्यारीत असतो. ही खबरदारी मानेतल्या यंत्रापासून चालत आली आहे आणि कानासाठीही बहुतेक जण पाळतात. विद्यार्थिनी समोर खुर्ची टाकून बसायची, हातात घड्याळ, आणि छाती वर-खाली होताना पाहून मिनिटाचे श्वास मोजायची. आधी पाच मिनिटं क्लिपशिवाय, मग पंधरा मिनिटं क्लिप चालू.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती धावतच माझ्याकडे आली. “मॅडम, कमी होतोय! जवळजवळ सगळ्यांचा!” वहीत आकडे होते. कोणाचा सोळावरून तेरावर, कोणाचा चौदावरून अकरावर. मीही हरखले. सिनॉप्सिस पाठवायची तारीख जवळ आली होती आणि हातात चांगली सुरुवात होती.

त्याच आठवड्यात सिन्नरकडून रोज ये-जा करणारा एक मुलगा क्लिप काढून देताना सहज म्हणाला, “ताई समोर बसून छातीकडे बघत होत्या ना, म्हणून मी नीट, सावकाश घेत होतो.”

त्या एका वाक्यानंतर आम्ही वही पुन्हा उघडली. संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘श्वासावर होणारा परिणाम’. मुलं दोन जिने चढून येत आणि लगेच पहिलं मोजमाप सुरू होई. क्लिप नेहमी नंतर लागे, म्हणजे माणूस निवांत झाल्यावर. पाळीवरचं खोटं उत्तेजन तर अजून कोणाला दिलंच नव्हतं. आणि मोजणारी स्वतः रोज पहाटे प्राणायाम करणारी, संथ श्वासाची सवय असलेली मुलगी. समोरच्याच्या छातीचा ठेका नकळत आपल्या ठेक्याशी जुळतो की काय, हाही प्रश्नच.

हृदय आपल्याला विचारून धडधडत नाही. श्वासाचं तसं नाही. तो आपोआप चालतो, पण त्याच्याकडे लक्ष गेलं की त्याची सूत्रं आपल्या हातात येतात. म्हणूनच जुन्या अनुभवी सिस्टर नाडी धरल्याचं भासवून मनगट न सोडता श्वास मोजतात. हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगते, आणि स्वतःच्या विद्यार्थिनीच्या संशोधनात नेमकं हेच माझ्या नजरेतून सुटलं.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा मार्ग मुख्य गाइडनी सुचवला: चाललंय तसं चालू द्या, शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळी लिहा. त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, मुलीचं वर्ष वाया जायला नको होतं. पण त्या दोन ओळी कोणी वाचत नाही. वाचतात तो निष्कर्ष. पुढे तो एखाद्या क्लिप विकणाऱ्याच्या जाहिरातीत जातो.

दुसरा विचार होता श्वास सोडून हृदयगतीतली चढउतार मोजण्याचा, म्हणजे एचआरव्ही. पट्टा किंवा घड्याळ लावलं की आकडा हातात. तो मी नाकारला. श्वास आत घेताना ठोके वाढतात आणि सोडताना कमी होतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला तर ही चढउतार नुसत्या श्वासाच्या लयीनेच फुगते. श्वास न मोजता एचआरव्ही मोजणं म्हणजे तीच गफलत दुसऱ्या दाराने आत घेणं. शिवाय कानाच्या उत्तेजनाने व्हेगसशी निगडित एचआरव्ही बदलते का, याचं अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण २०२१ मध्ये आलं होतं आणि त्यात परिणाम दिसला नव्हता.

मग मेट्रोनोमच्या ठेक्यावर सगळ्यांना सारखाच श्वास घ्यायला लावावा, असा विचार झाला. त्यात गोंधळ नाही, पण मग वेगाचा प्रश्नच उरत नाही. तो आपण आधीच ठरवून टाकलेला असतो.

उरलं ते सर्वांत कष्टाचं. श्वास मोजायचा, पण तो मोजला जातोय याकडे माणसाचं लक्ष न जाऊ देता. इथे नीतीचा प्रश्न आला. ‘आम्ही फक्त हृदयाचे ठोके पाहतोय’ असं सांगायचं का? एथिक्स कमिटीत एक सदस्य वैद्यकाबाहेरची, सामान्य नागरिक म्हणून असते. आमच्या कमिटीतल्या त्या काकूंनी मसुदा वाचून विचारलं, “म्हणजे तुम्ही मुलांशी खोटं बोलणार का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी संमतीपत्रात जे खरं होतं तेच लिहिलं: तुमच्या शरीराच्या अनेक नोंदी एकाच वेळी घेऊ, त्यांत हृदय, श्वास, त्वचेचं तापमान हे सगळं आहे. मुख्य नोंद कोणती ते शेवटी सांगू, आणि तेव्हा तुम्हाला तुमची माहिती मागे घ्यावीशी वाटली तर तसं करता येईल. काही लपवलं होतं, पण खोटं काही नव्हतं. कमिटीने ते मान्य केलं. काकूंचा तो प्रश्न मला आजही या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो.

काय केलं

मोजण्यासाठी झोपेच्या तपासणीत वापरतात तसे दोन पट्टे घेतले, एक छातीला आणि एक पोटाला. तोंडात नळी आणि नाकाला चिमटा लावून हवा थेट मोजता आली असती, पण नळी-चिमट्यानेच श्वास खोल आणि संथ होतो. नेमका जो बदल शोधायचा तोच मोजण्याच्या साधनाने घडवायचा, हे पटेना.

नुसता वेगही पुरेसा नव्हता. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, म्हणजे ६ लिटर हवा. १० श्वास, प्रत्येकी ६०० मिलिलिटर, तरीही ६ लिटरच. वेग कमी झाला, पण एकूण हवा तेवढीच. म्हणून पट्ट्यांवरून खोलीचा अंदाज घेतला. जोडीला श्वास सोडतानाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड नाकाशी ठेवलेल्या बारीक नळीने मोजायचं ठरवलं. तो सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो आणि खरोखर कमी हवा खेळू लागली तर वाढतो. यासाठीचं यंत्र भूल देणाऱ्या एका डॉक्टरांनी दिलं, पण ऑपरेशनं संपल्यावरच. त्यामुळे आमच्या बैठका संध्याकाळी पाचनंतर होऊ लागल्या.

प्रत्येक माणूस दोन वेगवेगळ्या दिवशी आला. एका दिवशी क्लिप खोलगट जागी, एका दिवशी पाळीवर. क्रम चिठ्ठ्या काढून ठरवला. क्लिप लावणारी व्यक्ती वेगळी, आणि विद्यार्थिनी शेजारच्या खोलीत. तिला फक्त क्रमांक टाकलेल्या लहरी दिसायच्या. आधी पंधरा मिनिटं नुसतं बसायचं आणि समोर नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचा आवाज बंद केलेला व्हिडिओ पाहायचा. लक्ष गुंतेल पण धडधड वाढणार नाही असं काही हवं होतं. ते रोहित आणि चक्रवाक बघून दोघं-तिघं तर नंतर निफाडला जाऊनही आले.

पेसमेकर, गर्भधारणा, अपस्मार, हृदयाच्या ठोक्यांचा आजार, दमा, चालू सर्दी असलेले कोणी घेतले नाहीत. आणखी एक गट वगळला: नियमित प्राणायाम करणारे आणि विपश्यनेची शिबिरं केलेले. इगतपुरीचं विपश्यना केंद्र तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे नाशिकमध्ये असे लोक भरपूर. श्वासाकडे पाहण्याचंच शिक्षण घेतलेला माणूस पट्टा बांधल्यावर श्वास विसरेल, ही अपेक्षा चुकीची ठरली असती.

या काळात हॉस्टेलवरच्या एकाने टेन्सचे पॅड स्वतःच्या गळ्याला लावून पाहायचं ठरवलं होतं. व्हेगस मानेत जास्त जाड असते, मग तिथेच का नको, हा त्याचा हिशेब. वेळीच कळलं. गळ्याच्या पुढच्या बाजूला टेन्स लावू नये हे फिजिओथेरपीच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. तिथल्या कॅरोटिड सायनसवर (धमनीतली रक्तदाब जाणणारी जागा) परिणाम होऊन रक्तदाब एकदम उतरू शकतो, स्वरयंत्राचे स्नायू आवळले जाऊ शकतात. त्या दिवसापासून मशीन कुलपात गेलं.

निष्पत्ती

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आम्ही तिघं होतो, गाइड, ती आणि मी. श्वासाचा वेग कमी झाला होता, हे खरं. पण तो दोन्ही दिवशी कमी झाला होता. खोलगट जागी क्लिप असो वा पाळीवर, चित्र जवळपास एकच. त्यातला मोठा भाग तर करंट चालू होण्याआधीच, नुसतं बसून पक्षी बघण्याच्या पंधरा मिनिटांत घडला होता. कार्बन डायऑक्साइड हलला नव्हता. दोन जागांमधला जो किरकोळ फरक दिसला, तो आमच्या इतक्या थोड्या माणसांवरून खरा की योगायोगाचा हे ठरवणं शक्य नव्हतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे पहिल्या वहीतलं सगळं माझंच होतं.” मला खूप वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला, कारण त्या खोलीत हे वाक्य तिच्याशिवाय कोणी उच्चारलं नव्हतं. शीर्षक बदलून ‘एचआरव्ही’ घुसवण्याची सूचना पुन्हा आली. तिने नकार दिला. थिसिस ‘परिणाम आढळला नाही’ या निष्कर्षासह गेला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, पाळीवरचं उत्तेजन खरोखर निष्क्रिय असतं का, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. पाळीवरच्या झिणझिण्यांनीही माणूस सावध होतो किंवा सैलावतो. नुसती क्लिप लावून करंट बंद ठेवलेला तिसरा दिवस आम्ही ठेवायला हवा होता.

लहरी बारकाईने पाहताना एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली. करंट चालू झाला त्या क्षणी अनेकांचा श्वास अडखळला होता. दोन-तीन सेकंद रोखलेला, मग एक खोल उसासा. पाळीवरही तसंच. हे दचकणं आहे, व्हेगसचा त्यात काही वाटा दिसत नाही. पण पहिल्या मिनिटाची सरासरी काढली तर तोच ‘परिणाम’ म्हणून मिरवेल. ते मिनिट वगळायचं आम्ही लहरी पाहिल्यावर ठरवलं. खरं तर असा नियम आधी ठरवून नोंदवायचा असतो. म्हणून थिसिसमध्ये ते मिनिट धरून आणि सोडून, दोन्ही आकडे दिले.

वेगळं काय करता आलं असतं

प्राणायाम करणाऱ्यांना वगळण्याऐवजी त्यांचा वेगळा गट करायला हवा होता. आपल्याकडे कानाच्या क्लिपची पहिली गिऱ्हाइकं तीच असणार. त्यांच्यातल्याच एका गृहस्थांनी मला सांगितलं की जानवं कानाला गुंडाळतात ते याच नसेसाठी. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण त्या दोऱ्याचा दाब आणि आमचा करंट यांना जोडणारा पुरावा मी पाहिलेला नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

सर्वांत जास्त मी ज्या निर्णयाकडे परत जाते तो वेगळाच आहे. एक तरुण, सातपूरला कारखान्यात नोकरी करणारा, क्लिप त्या खोलगट जागी लागली की खोकायचा. पाळीवर लावली की नाही. खोलगट जागेच्या दिवशी प्रत्येक वेळी, पाळीच्या दिवशी एकदाही नाही. त्याच्या खोकल्याने लहरींचा पार विचका झाला आणि आम्ही ‘नोंद निरुपयोगी’ असा शेरा मारून त्याला यादीतून काढलं. ते नियमाला धरून होतं. पण कानातल्या स्पर्शाने खोकणारी माणसं निरोगी लोकांत शंभरात दोन-तीनच असतात, आणि त्यांच्या बाबतीत कानापासून श्वासापर्यंतचा रस्ता चालू आहे हे डोळ्यांना दिसतं. आम्ही महिनोन्‌महिने जो रस्ता शोधत होतो, तो ज्या एका माणसात उघडा होता त्यालाच आम्ही घरी पाठवलं. त्याला पुन्हा बोलवायला हवं होतं. करंट अगदी मंद ठेवून, खोकला येण्याच्या जरा अलीकडे थांबून, त्याचा श्वास पाहायला हवा होता. सरासरीत जे बुडून जातं ते एखाद्या माणसात ठळक असू शकतं, हे तेव्हा आम्हाला सुचलं नाही.

विद्यार्थिनी आता पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिने त्याच तरुणाची चौकशी केली. त्याचा नंबर आमच्या कोणाकडेच उरलेला नव्हता, कारण माहिती गोपनीय ठेवायची म्हणून आम्हीच तो पुसला होता. विभागात याच विषयावर एक नवा मुलगा काम करतोय. त्याच्या प्राथमिक फॉर्मवर वय आणि वजनाच्याही आधी एक प्रश्न छापलाय: कान साफ करताना तुम्हाला कधी खोकला येतो का?